राजाच्या हातून निसटले

मी घंटा. पण घंटा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जी आली ना, गोल गरगरीत, चकचकीत, गोड गळ्याची, ती मी नव्हे. ती माझी सवत. तिचं मागाहून सांगेन, आधी माझं ऐका. मी चौकोनी आहे. लोखंडी पत्र्याची. वर मूठ, आत लोलक आणि अंगावर एक लांबलचक चीर. सध्या माझा मुक्काम सोन्याच्या पेटीत आहे. ऐकायला फार छान वाटतं. एकदा राहून बघा म्हणजे कळेल.

माझा जन्म आयर्लंडच्या पश्चिमेला, ओल्कान लोहाराच्या भट्टीत झाला. ओल्कान हाताचा पक्का, पण डोक्याने हट्टी. उभ्या आयुष्यात त्याने नांगराचे फाळ केले, चुलीवरचे आकडे केले आणि गायींच्या गळ्यातल्या घंटा केल्या. एके सकाळी त्याच्या दारात लोनानबाबा येऊन उभे राहिले. हे भलंमोठं पोट, त्यावर जाडाभरडा लोकरी अंगरखा, डोक्याचा पुढचा भाग या कानापासून त्या कानापर्यंत भादरलेला आणि हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद.

"ओल्कान, मला एक घंटा हवी."

"करतो की. गाय केवढी आहे?"

"गाय नाही रे बाबा. मठातल्या साधू भावांना प्रार्थनेला बोलवायला हवी."

"आलं लक्षात," ओल्कान म्हणाला. "म्हणजे मोठी गाय."

झालं! त्याने पत्रा कापला, दुमडला, कडांना खिळे ठोकले आणि वितळलेल्या काशाच्या रसात मला न्हाऊ घातलं. दिसायला मी सोनेरी झाले हो, पण गळ्याचं काय? गळा माहेरावर जातो. माझ्या सगळ्या मावश्या आणि आत्या गुरांच्या मानेला लटकलेल्या. त्यामुळे तोंड उघडलं की माझ्यातून निघायचं, "ठाणक! ठाणक!"

पहिल्या दिवशी लोनानबाबांनी मठाच्या अंगणात उभं राहून मला जोरात वाजवलं. भाऊ आपापल्या दगडी झोपड्यांत घोरत होते, ते घोरतच राहिले. आल्या त्या गायी. तळ्याकाठच्या कुरणातून एकेक गाय मान हलवत आली आणि प्रार्थनाघराच्या दारात दाटीवाटीने उभी राहिली. एकीने तर आत डोकं घालून वेदीवरच्या कापडाची चव बघितली.

मठाचा मुदपाक सांभाळणारा दुबान धावत आला. हडकुळा माणूस, कपाळाला कायमची आठी. "बाबा, ही परत करा! लोक म्हणतील मठ आहे की गोठा?"

बाबा पोट धरधरून हसले. "अरे, येशू जन्मला तेव्हा पहिल्यांदा कोण होतं त्याच्याजवळ? तुझ्यामाझ्यासारखे भाऊ? गायीच ना? राहू दे तिला."

आणि मी राहिले.

आता खरं सांगते, लोनानबाबा म्हणजे काही चित्रातले संत नव्हते. त्यांच्या हातून लंगडे धावले आणि मेलेले उठले असं आता कुणी सांगतं, ते मी तरी पाहिलेलं नाही. मी पाहिलं ते एवढंच, की या माणसाला भूक फार लागायची. उपासाच्या दिवशी त्यांच्या पोटातून जे आवाज यायचे, त्यापुढे मी काहीच नाही. स्तोत्र म्हणता म्हणता मध्येच थांबून ते दुबानला विचारायचे, "आज पेजेत कांद्याची पात घातलीस का रे?" लोण्यावर जीव, ताकावर जीव, तळ्यातल्या सामन माशावर तर विचारूच नका. मात्र समोरचा उपाशी असला की बाबांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. हा त्यांचा रोगच होता म्हणा ना.

मठाच्या पुढून एक ओढा वाहतो. त्याच्या पलीकडे सपाट हिरवी जागा आहे आणि तिथे कुडाच्या झोपड्या होत्या. महारोगाची माणसं राहायची तिथे. कुणाची बोटं झडलेली, कुणाचं नाक बसलेलं. प्रत्येकाला आपापल्या गावाने काढून दिलेलं. त्यांची म्होरकी होती सारनाट. एके काळी राजवाड्यात भरतकाम करायची. बोटं गेली, पण जीभ सुईसारखी होती.

प्रार्थना आटोपली की बाबा मला काखेत मारून ओढा ओलांडायचे. तिकडे गेले की मला उलटी करायचे, लोलक बाजूला सरकवून माझ्यात दूध ओतायचे आणि एकेकाच्या ओठांना लावायचे. बोटं नसलेल्या हातांतून पेला निसटतो, म्हणून ही युक्ती. मधूनमधून स्वतःही एक घोट घ्यायचे. त्याच घंटेतून, त्याच कडेला ओठ लावून.

"बाबा," सारनाट म्हणायची, "आम्हाला पाजायला येता की स्वतः प्यायला? निम्मं तर तुमच्याच पोटात गेलं."

"तुझं लक्ष माझ्या पोटावर, म्हणून तुझं पोट भरत नाही," बाबा म्हणायचे.

मठात परतलं की दुबान मला राखेने घासघास घासायचा. घाबरायचा बिचारा. मला मात्र त्या दुधाचा वास अंगावर राहिलेला आवडायचा.

असे सुखाचे दिवस चालले होते आणि राजा कोल्गूच्या डोक्यात घोडे शिरले.

कोल्गू आमच्या भागाचा राजा. दांडगा, हसरा, मनाने तसा वाईट नव्हे. लहानपणी याच लोनानबाबांनी त्याला तळ्यात बुडवून बाप्तिस्मा दिला होता आणि तेव्हा तो बाबांना चावला होता. आता सुगीच्या जत्रेत त्याला घोड्यांच्या शर्यती भरवायच्या होत्या. शेजारपाजारचे राजे येणार, तर जागा सपाट हवी, ओढ्याकाठची हवी. त्याने माणसं पाठवली. जत्रेपूर्वी झोपड्या मोडा, माणसं हलवा.

"कुठे हलवा?" सारनाटने विचारलं.

"ते राजाने सांगितलं नाही," ती माणसं दुरूनच म्हणाली.

त्या दिवशी सारनाट पहिल्यांदा थट्टा करायची विसरली. "बाबा, सगळ्या गावांनी हाकललं तेव्हा आम्ही इथे आलो. इथून निघालो तर पुढे फक्त समुद्र आहे."

बाबांनी मला उचललं. पेजेचं भांडं होतं तसं ठेवलं. दुबानला म्हणाले, "मी कोल्गूच्या दारात उपाशी बसायला चाललो."

दुबानच्या हातातली पळी खाली पडली. "तुम्ही? उपाशी? बाबा, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा हो!"

आमच्याकडे रीत अशी, की मोठ्या माणसाने अन्याय केला तर त्याच्या उंबऱ्याशी जाऊन उपाशी बसायचं. दारात माणूस उपाशी असेपर्यंत घरधन्यानेही काही खायचं नाही. खाल्लं तर त्याची अब्रू गेली आणि दारातला मागेल ते द्यावं लागलं. आणि दारातल्याने आधी खाल्लं, तर त्याने मुकाट्याने घरी जायचं. एरवी या झगड्याला फार धीर लागतो. इथे मात्र दोन्ही बाजूंना आमच्या मुलखातले सगळ्यात खादाड पुरुष होते.

कोल्गू तर खदाखदा हसला. "बसू दे. बाबांना मी ओळखतो. दुपारच्या ताकाला उठतील."

बाबा उंबऱ्याच्या दगडाशेजारी मांडी घालून बसले. मला पुढ्यात ठेवलं. दुपार झाली, बाबांचं पोट ओरडलं. दारावरचे पहारेकरी दचकले, त्यांना वाटलं कुत्रा गुरगुरला. पण बाबा उठले नाहीत. संध्याकाळ झाली, तरी उठले नाहीत. फक्त मला हळूच म्हणाले, "बाई गं, पात घातलेली पेज होती आज."

दुसऱ्या दिवशी कोल्गूने डाव टाकला. अंगणात, बाबांच्या नाकासमोर, अख्खं डुक्कर भाजायला लावलं. वरून मध, खाली सफरचंदाच्या लाकडाचा जाळ. वास असा सुटला की पहारेकऱ्यांनी भाले भिंतीला टेकवले. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. भक्तीचं नव्हे, खरंखुरं.

पण वारा काय राजाच्या बापाचा नोकर? धूर वळला तो थेट दिवाणखान्यात. आतून कोल्गूचं कण्हणं ऐकू आलं.

"काय झालं?" राणी लासारने विचारलं. शांत बाई, पण नवऱ्याची नस न् नस ओळखून असलेली.

"माझं पोट पाठीला लागलंय!"

"मग डुक्कर कुणी भाजायला सांगितलं?"

"त्यांना भूक लागावी म्हणून!"

"लागली खरी," राणी म्हणाली. "तुम्हाला."

मग सुरू झालं दारातून बोलणं. आतून राजा ओरडायचा, "बाबा, मधाचं पोळं आलंय!" बाहेरून बाबा म्हणायचे, "कोल्गू, ओढ्यावर सामन उड्या मारताहेत रे. लोण्यात परतलेला सामन आठव." राजा म्हणायचा, "सातूची दारू, थंडगार!" बाबा म्हणायचे, "गरम भाकरी. वर वितळणारं लोणी. कडेने ओघळतंय बघ." दोघांच्याही तोंडाला पाणी सुटलेलं आणि दोघांचेही आवाज बारीक होत चाललेले. ऐकणारे हसून हसून भुईवर लोळत होते. मला मात्र हसू येत नव्हतं. बाबांनी मांडी मोडून भिंतीला पाठ टेकली होती, ती मला दिसत होती.

पुढच्या सकाळी जत्रेचे पाहुणे येऊ लागले. शेजारचे राजे, त्यांचे भाट, त्यांच्या बायका. यजमान उपाशी म्हणून पाहुण्यांनाही पानावर बसता येईना. कालचं डुक्कर निवून पडलं होतं. सगळे अंगणात चुळबुळत उभे. दुबान आला होता. सारनाट आणि तिची माणसं फाटकाशी, सगळ्यांपासून लांब उभी होती. आज काय ते ठरणार, हे त्यांनाही कळलं होतं. बाबांची मान खाली कलंडत होती. दुबान त्यांच्या कानाशी लागला, "बाबा, पुरे आता. तुम्ही गेलात तर त्यांना दूध कोण पाजणार?" बाबांनी फक्त डोकं हलवलं.

तेवढ्यात कोल्गू म्हणाला, "माझी तांबडी घोडी आजारी दिसते, बघून येतो." आणि तबेल्याकडे गेला. परत आला तो कसा? दमदार चाल, ताठ मान, गालावर तेज.

"मी अजून महिनाभर राहीन उपाशी!" तो गरजला.

राजाला खोटं कोण म्हणणार? पण फाटकाशी उभी असलेली सारनाट बोलली, "राजेसाहेब, तुमचे ओठ फार चमकताहेत."

"घाम आहे तो!"

"ओठांना? अहो, मला रोग झालाय, पण इतका विचित्र नाही बाई झाला."

पाहुण्यांत खसखस पिकली. कोल्गू लाल झाला. तेव्हा राणी लासार पुढे आली आणि अगदी साध्या सुरात म्हणाली, "एवढं काय त्यात? बाबांची घंटा आहे ना इथे? रीतीप्रमाणे शपथ घ्या आणि मोकळे व्हा."

संताची घंटा उजव्या हाताने डोक्यावर उचलायची आणि सर्वांदेखत बोलायचं. खोटं बोलेल त्याचं तोंड वाकडं होतं, असं लोक मानायचे. कोल्गूने माझ्याकडे बघितलं. त्याला मी गायीची घंटाच वाटले असणार. तो वाकला आणि त्याने माझी मूठ धरली.

अगंबाई! त्या हाताचा स्पर्श झाला आणि मला सगळं कळलं. तळहात, बोटं, बोटांच्या बेचक्या, सगळीकडे डुकराची चरबी. तबेल्यात तंगडी लपवून ठेवली होती तर! घाईघाईत पुसली असेल घोडीच्या पाठीला, पण मधात मुरलेली चरबी अशी जाते होय? मला ओरडावंसं वाटत होतं. पण माझा आवाज दुसऱ्याच्या हातात, आणि तो हात तर त्याचाच.

त्याने मला डोक्यावर उचललं. "या घंटेची शपथ, मी परवा सकाळपासून..."

आणि मी निसटले.

लोक आजही म्हणतात, देवाने खोट्या हातातून घंटा ओढून घेतली. चमत्कार कसला, चरबी होती! तरीपण एक सांगते, तुमच्याजवळच ठेवा. त्या क्षणी मीही थोडं अंग चोरलं.

उंबऱ्याच्या दगडावर मी आपटले ती तोंडावर. "ठाण्ण!" माझा तो शेवटचा मोठा आवाज. कडेपासून मुठीपर्यंत अंग उकललं. मी गडगडत गेले आणि राजाच्याच शिकारी कुत्र्याने धावत येऊन माझी मूठ चाटायला सुरुवात केली. मूठ चाटून झाली, तसा तो राजाकडे गेला आणि शेपूट हलवत त्याच्या उजव्या हाताचं एकेक बोट चाटू लागला.

आधी कुणीच हसलं नाही. मग एक भाट हसला. मग सगळं अंगण हसलं. कोल्गूचं तोंड वाकडं झालं नाही, पण इतकं उतरलं की मला त्याची दया आली.

बाबा नाही हसले. ते रांगत माझ्याकडे आले, मला मांडीवर घेतलं आणि चिरेवरून बोट फिरवत राहिले. मग लेकरासारखे रडले. भरल्या अंगणात. हरलेला राजा समोर उभा आणि जिंकलेला संत एका फुटक्या पत्र्यासाठी रडतोय.

"काय मागता, बाबा?" कोल्गूने खाली मान घालून विचारलं.

"ओढ्यापलीकडची जागा त्यांची. कायमची. त्यांच्या मागून येतील त्यांचीही."

"दिली."

"आणि आता चल, जेवायला बसू. दोघंही भुकेले आहोत."

"मी भुकेला नाही, बाबा," कोल्गू पुटपुटला.

"हो की! विसरलोच," बाबा म्हणाले. "मग तू वाढ."

आणि राजाने स्वतःच्या हाताने वाढलं. बाबांना आणि बाबांनी हट्टाने आत बोलावलेल्या सारनाटच्या माणसांना. ते डुक्कर कसं संपलं म्हणून सांगू! शर्यती झाल्या, पण टेकडीवर, खडबडीत जागेत. कोल्गूचीच घोडी सगळ्यांत शेवटी आली.

ओल्कान लोहाराने मला उलटीपालटी करून बघितलं आणि म्हणाला, "वितळवून नवी करतो."

बाबा म्हणाले, "तिने साक्ष दिली रे. साक्षीदाराला भट्टीत घालतात होय?"

तशी मी वाचले. पण आवाज गेला तो गेलाच. आता लोलक हलला की "ठप्प" एवढंच यायचं, रिकाम्या पिंपावर चापट मारावी तसं. दुबानने मग दूरच्या मठातून ती आणवली, माझी सवत. ओतीव काशाची, गोड गळ्याची. ती वाजली की भाऊ लगबगीने उठायचे. बाबांनी मला सारनाटकडे देऊन टाकलं. चिरेला तिने मेण भरलं. त्या माणसांचं दूध, वासरांचं पाणी, सारं माझ्यातून चालायचं. सांजेला ती मला मनगटांत धरून हलवायची, "ठप्प, ठप्प", की कुरणातल्या गायी ओढ्यावर यायच्या आणि झोपड्यांतली माणसं जेवायला. एवढंच माझं गाव राहिलं. माझं काही वाईट चाललं नव्हतं.

वर्षं गेली. लोनानबाबा म्हातारे झाले. पोटसुद्धा ओसरलं, म्हणजे बघा! सफरचंदं पिकायच्या दिवसांत ते अंथरुणाला लागले. दुबानला म्हणाले, "मी गेलो की जुनीला वाजव. तिची हाक ज्यांना कळते, त्यांना येऊ दे." मग विचारलं, "आज पेजेत पात आहे का?" दुबान रडत म्हणाला, "आहे, बाबा." बाबांना बरं वाटलं. तेवढ्यावरच ते गेले.

पुरायच्या दिवशी मठाचं अंगण भरून गेलं. राजे आले, मोठमोठे मठाधिपती आले, झुलवाली घोडी आली. सवत गोड वाजत होती. ओढ्यापलीकडच्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बोलावणार कोण? एवढ्या मोठ्या लोकांत ती माणसं कुठे उभी करायची, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग दुबान ओढ्यावर गेला आणि त्याने सारनाटकडून मला मागून घेतलं. ज्या दुबानला माझी लाज वाटायची, त्याने भर अंगणात उभं राहून मला दोन्ही हातांनी वाजवलं. ठप्प. ठप्प. ठप्प.

आधी गायी आल्या. सबंध कळप ओढा ओलांडून सरळ अंगणात घुसला. राजे आणि मठाधिपती आपापले अंगरखे सावरत बाजूला झाले, कारण शिंगांपुढे मानपान चालत नाही. गर्दीत वाट पडली. त्या वाटेने, गायींच्या मागोमाग, सारनाटची माणसं आली. कुणी काठीवर, कुणी दुसऱ्याच्या पाठीवर.

खड्ड्याच्या कडेला एक उंच दगड होता. सारनाटला तो चढता येईना. तेव्हा पांढऱ्या दाढीचा कोल्गू राजा पुढे झाला आणि त्याने तिच्यासमोर हात धरला. उजवा हात. ज्यातून मी निसटले होते, तोच. सारनाटने तो उलटसुलट करून बघितला.

"आज पुसलाय वाटतं," ती म्हणाली आणि त्याला धरून चढली. कोल्गू रडता रडता हसला.

झाली माझी गोष्ट. पुढच्या लोकांनी मला पवित्र ठरवलं आणि इथे माझं नशीब फिरलं. सोन्याची पेटी केली, वर लाल-निळे खडे बसवले. एक घराणंच माझ्या राखणीला नेमलं. सुगीच्या जत्रेत माझी मिरवणूक निघते. लोक पेटीचं चुंबन घेतात. पेटीचं हं, माझं नाही. चालणाऱ्याचा पाय अडखळला की आत माझा लोलक हलतो, हळूच "ठप्प" होतं आणि कुरणातल्या गायी मान वर करून बघतात. त्यांना कुणी सांगितलं असेल हो, इतक्या पिढ्यांनंतर?

आणि मिरवणूक ओढ्यापाशी येऊन थांबते. राजा कोल्गूचा शब्द अजून पाळलाय, पलीकडे झोपड्या आहेत. माणसं दारात येऊन उभी राहतात, वाट बघत. इकडचे लोक दोन स्तोत्रं म्हणतात आणि पेटी घेऊन मागे फिरतात. दर वर्षी.

म्हणून मला उचलणाऱ्या भल्या माणसांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. खडे काढून घ्या, सोनं काढून घ्या, मला त्याचं काही नाही. गुडघाभर तर पाणी आहे. एवढा ओढा ओलांडा, झाकण उघडा आणि मला उलटी करून माझ्यात थोडं दूध ओता. चिरेतून गळेल, तेव्हा जरा भरभर पाजा.

आणि हात पुसून धरा. मी निसटते.